दादरची पाटी

"मावशी, तुमचं नाव द्या. दादरला खानावळ मी चालवतो," असं म्हणत मनमोहन महिनाभर माझ्या लालबागच्या खानावळीत खेटे घालत होता. नाव काय वाटेवर पडलंय? म्हटलं, "आधी एक दिवस इथे वाढ."

आज आला. नेमका संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघालेला, त्यामुळे महिन्याचे पैसे भरून जेवणाऱ्या मेंबरांसोबत त्यांचे पाहुणेही जेवले. पठ्ठ्याने सगळ्यांना हसत वाढलं, पण सुरमईची एक मोठी तुकडी झाकून ठेवली.

"ही कुणाची रे?"

"तुमची. मालकीण ना तुम्ही!"

"मेल्या, इथे मालक शेवटी जेवतो, आणि उरेल तेच जेवतो!"

त्याचं तोंड उतरलं. तेवढ्यात घोषणा देऊन घसा बसलेला एक गिरणी कामगार दारात आला. मी काही बोलायच्या आत मनमोहनने ती तुकडी त्याच्या ताटात वाढली.

मग आम्ही दोघं बसलो. पातेल्यात नुसतं कालवण उरलं होतं. त्याने ते भातावर ओतलं आणि बोटं चाटत जेवला.

"पाटी रंगवायला टाक," मी म्हटलं. "आणि लक्षात ठेव, मी न सांगता येईन. शेवटच्या पंगतीला."