दिवालीबाईच्या दारात बंद पडणारी जीप

कुंदाबाईच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. ती माझी जुनी विद्यार्थिनी, साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका गावात नर्स. १९९१च्या आषाढात तिनं लिहिलं होतं, "गुरुजी, तोतारामभाऊंची जुनी पेट्रोलची जीप पाऊस आला की दिवालीबाईंच्या दारासमोरच बंद पडते. लोक त्यांना डाकीण म्हणताहेत, गावाबाहेर काढतील. गाडी पावसात का बंद पडते तेवढं लिहून पाठवा. मी चावडीवर वाचून दाखवीन."

धुळ्याच्या ग्रंथालयात मोटारीवरची दोन पुस्तकं वाचली. कारण बहुधा कळलं होतं. पण जन्मात कधी बॉनेट उघडलेलं नाही, चुकलो तर? चार मसुदे फाडले. भाद्रपदात शेवटी पत्राऐवजी स्वतःच एस.टी.त बसलो.

पोचलो तेव्हा रिमझिम चालू होती. नाल्यातून वर आलेली जीप चढावर एका बंद झोपडीसमोर उभी, भोवती सगळं गाव. ताडपत्रीखाली भगत जीवराम उघड्या बॉनेटमध्ये एका काळ्या झाकणाजवळ धूपाटणं धरून घुमत होता.

"बठ्ठा मांगे सरका! डाकीण गयी, पन तिनी सावली आजून आठेच शे!" जीपकडे बोट करून तो ओरडला.

पेट्रोलच्या गाडीत निखारे पाहून मी चार पावलं मागे सरलो. पाव तास मंत्र झाले. "मार चावी, तोताराम!" जीप चालू झाली. बायांनी हात जोडले.

मी कुंदाबाईला हळूच विचारलं, "डाकीण गेली म्हणजे?"

"पोळ्याच्या आधी हाकललं त्यांना. भावाकडे गेल्यात, नवापूरच्या पुढे." माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "वाट पाहिली मी, गुरुजी."

मी जीपकडे वळलो. मग, कोण जाणे कसं, तोंडातून निघालं, "जीवराम, ही डाकीण नेमकी ह्या एकाच झाकणात का बसते? धूपाटणं दुसरीकडे फिरवलंच नाही तुम्ही."

दोघं-तिघं हसले.

"पुस्तकमा भूत दिखस नही, आबा," जीवराम म्हणाला.

पाच तारा निघणारं ते काळं झाकण मी दाखवलं. भिकुबाई नावाच्या म्हातारीला म्हटलं, दुरूनच यावर पाणी शिंपडा. जीप खोकली नि बंद पडली. तोतारामनं झाकण काढलं. मी ते आतून-बाहेरून रुमालानं कोरडं केलं. ना मंत्र, ना धूप. जीप चालू!

झाकणाला केसाएवढी भेग होती. नाल्याचं पाणी उडून तिच्यात ओल धरायची, आणि पेट्रोल पेटवणारी वीज ठिणगी पडण्याआधीच तिथून गळून जायची. नाला ओलांडला की पहिलं घर दिवालीबाईंचं. निखाऱ्यांच्या उबेनं झाकण वाळायचं, मान मंत्राला मिळायचा. हे सगळं मी अडखळत सांगितलं.

भिकुबाई पुढे आली. "आबा, तो रुमाल माले द्या ना. मन्हा नातूना गळामा बांधसू."

"अहो, साधा रुमाल आहे! धुळ्याच्या बाजारातला!"

"मोठी विद्यावाला असंच सांगतस," कुणीतरी म्हणालं. मला पहिला नमस्कार जीवरामनंच केला.

"आणि दिवालीबाई?" कुंदाबाईनं मोठ्यानं विचारलं. "त्यांना कधी आणायचं?"

तोताराम जमिनीकडे बघत म्हणाला, "आते कसं बलावानं तिले, ताई? तिनं वावर जीवरामभाऊनी ताबामा लि टाकं."

परतताना साक्रीच्या स्टँडवर आंतरदेशीय पत्र घेऊन गुडघ्यावर लिहिलं :

"कुंदाबाई, हे चावडीवर वाच. गाडी बंद पडली तर झाकण पुसा. जमेल तेव्हा नवं बसवा. रुमाल माझा नको, कुणाचाही कोरडा चालेल. मी नसताना स्वतः करून पाहा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, भिकुबाईंनी स्वतःच्या हातानं केलं त्यावर ठेवा. झाकणाच्या भेगेची शिक्षा एका बाईला दिली आहे. तिला आणायला जा. तिचं वावर तिला द्या. ह्यातलं बहुतेक मला आषाढातच माहीत होतं."

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं. पेटीत टाकलं.