तज्ज्ञ सदस्याचा पाय

माणसाचा पाय निसर्गाने जमिनीसाठी घडवला आहे, समुद्र त्याला हिमतीवरच जिंकावा लागतो, असं गोपीनाथ चुरी यांनी समितीला गंभीरपणे सांगितलं. सांगताना त्यांचा डावा पाय पोहायच्या एका निळ्या फिनमध्ये अडकलेला होता आणि गेली पाच मिनिटं तो निघत नव्हता.

"राहू दे, राहू दे," समितीचे अध्यक्ष शैलेश देवरे म्हणाले. "घातलीच आहे तर दारापर्यंत चालून या. आरामदायक आहे की नाही, ते कळेल."

चुरी उठले. उजव्या पायात त्यांची रोजची चप्पल होती. तलासरीच्या कचेरीच्या व्हरांड्यात दाखल्यांसाठी बसलेल्या माणसांनी आपापले पाय आखडून घेतले. फटाक, चप, फटाक, चप असा आवाज करत विस्तार अधिकारी चुरी दारापर्यंत गेले आणि भिंत धरून वळून परत आले. बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही. ती माणसं सकाळी नऊपासून तिथे होती आणि साहेब जागेवर का नाहीत याची याहून विचित्र कारणं त्यांनी ऐकली होती.

"कसं वाटतं?" देवरेंनी विचारलं.

"मऊ आहे."

"मऊ," देवरे कारकुनाकडे वळले. "लिहा."

गोष्ट २०१६ सालची. डिसेंबरात झाईच्या किनाऱ्यावर सागर महोत्सव भरायचा होता. पर्यटकांनी छातीखाली फळी घेऊन लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत घसरत यायचं, आणि त्यातलं कुणी बुडायला लागलं तर त्याला बाहेर काढायला तीन पट्टीचे पोहणारे पाण्यात राहायचे, अशी कल्पना होती. त्या तिघांच्या पायांत फिन्स लागणार होत्या. फाइलवर त्यांचं नाव 'पोहण्याचे पंख (जोडी)' असं होतं. तीन जोड्या निवडण्यासाठी पाच जणांची समिती होती. पुरवठादाराने नमुने पाठवले होते: पाणबुड्यांच्या हातभर लांब पिवळ्या, बकलाच्या राखाडी, मऊ प्लास्टिकच्या निळ्या आणि आखूड, जाड रबराच्या काळ्या. सगळे नमुने सात नंबरचे, म्हणजे चुरींच्या मापाचे होते, कारण घालून बघणार तेच होते.

समितीत 'तज्ज्ञ सदस्य' अशी एक जागा होती. ती चुरींना मिळाली त्याला एक म्हैस कारणीभूत होती.

अकरा वर्षांपूर्वीच्या पुरात चुरी तालुक्यातल्या एका पाड्यावर ग्रामसेवक होते. पाड्याकडे जाणारा फरशीपूल ओलांडताना त्यांचा पाय घसरला. पाण्याने त्यांना उचललं, पन्नास-साठ हात नेलं, आणि तिथून चाललेल्या एका म्हशीचं शेपूट त्यांच्या हाताला लागलं. म्हैस आपल्या चालीने पलीकडच्या काठाला लागली आणि वर चढली. मागोमाग शेपूट धरून ग्रामसेवक चढले. काठावर जमलेल्या लोकांनी मागचा पुढच्याला ढकलत आणतोय असं पाहिलं. म्हशीचा मालक लाहू दुमाडा याने पत्रकाराला एवढंच सांगितलं, की साहेब आणि म्हैस बरोबरच बाहेर आले. बाकीचं पत्रकाराने घातलं. 'ग्रामसेवकाने प्राण पणाला लावून म्हैस वाचवली' हे कात्रण, फोटोसह, चुरींच्या आशागडच्या घरात टीव्हीच्या वर लावलेलं होतं.

चुरींना पोहता येत नव्हतं. पण त्यांचं मूळ गाव वाढवण, तिथल्या घरातून समुद्र सात मिनिटांवर, त्यामुळे तशी शंका कुणाला यायचं कारण नव्हतं. लहानपणी आईने पाण्यात जाऊ दिलं नाही आणि पुढे नोकरीने.

"तर मग निळ्या," देवरे म्हणाले. "चालायला बऱ्या आहेत, आणि महोत्सवाचा फलकही निळाच आहे. पुढच्या शुक्रवारी झाईला तज्ज्ञ सदस्य त्या लाटेत वापरून बघतील आणि अहवाल देतील."

"पितृपक्ष आहे, साहेब."

"चाचणी आहे, चुरी. खरेदी नवरात्रात करू."

*

रविवारी सकाळी जयमालाबाई कोथिंबीर निवडायला घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा त्यांचे यजमान खाटेवर पालथे पडून, पायांत काळ्या फिन्स घालून, पाय आपटत होते.

"अहो, हे काय?"

"सराव."

"मग खाट फिरवून देऊ का? समुद्र तिकडे आहे."

चुरी उठून बसले. फिन काढली, टाचेच्या पट्ट्यावर अंगठा दाबून बघितला, पुन्हा घातली. तीन दिवस त्यांचं असंच चाललं होतं. ताटावर बसायचे आणि अर्ध्यावरून उठून मोबाइल घ्यायचे. कचेरीत जायला निघायचे आणि फाटकापासून परत येऊन नमुन्यांची पिशवी उघडायचे. मोबाइलवर जगभरचे लाटखोर लोक आपापल्या फिन्सबद्दल बोलत होते आणि चुरी ते सगळं वहीत उतरवून घेत होते. लांब पातं लाटेत कामाचं नाही, वळताना आडवं येतं. आखूड आणि ताठ हवं. बकल खाऱ्या पाण्यात गंजतं, म्हणून टाचेचा पट्टा अखंड रबराचाच हवा. टाचेखाली भोक हवं, नाहीतर आत रेती साचून कातडं सोलवटतं. पायातून सुटली तर तरंगली पाहिजे. आतून मऊ, बाहेरून चिवट. चौथ्या दिवशी चुरी न पोहणाऱ्या माणसांत फिन्सबद्दल सर्वांत जास्त जाणणारे असावेत.

म्हणूनच त्यांना चैन नव्हती. निळ्या फिनचा पट्टा त्यांनी दोन बोटांनी ताणला तेव्हा तो पांढरा पडला होता. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या लाटेला तो तुटणार. ज्याच्या पायात असेल तो एका पायाने पाणी मारत राहणार आणि त्याच्या गळ्यात एक घाबरलेला पर्यटक असणार. हे अहवालात लिहायला हवं होतं. पण देवरे विचारणार, लाटेत बघितलंत का? आणि लाटेत जायचं म्हणजे सगळ्यांसमोर बुडायचं होतं.

"एवढे कशाला घाबरताय?" जयमालाबाई काड्या बाजूला टाकत म्हणाल्या. "म्हैस काढलीत तेव्हा पायात काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग?"

चुरींनी कात्रणाकडे पाहिलं. फोटोत म्हैस थेट कॅमेऱ्यात बघत होती.

"मनिषचा निबंधसुद्धा ठेवलाय मी," त्या म्हणाल्या. "'माझे बाबा'. आठवीतला. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता."

चुरींनी कॅलेंडर काढलं. शुक्रवारी अष्टमी होती, म्हणजे भांग. महिन्यात सगळ्यात मवाळ पाणी असायचे दिवस. त्यांना थोडं बरं वाटलं. मग अष्टमीच्याही पाण्यात माणूस बुडू शकतो हे आठवून ते पुन्हा खाटेवर पालथे पडले.

*

शुक्रवारी संध्याकाळी पाचला झाईच्या किनाऱ्यावर समिती जमली. देवरेंनी पँट दुमडून घोट्याच्या वर घेतली होती. कारकून रजिस्टर घेऊन सुकत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभा होता. पाण्याजवळ एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस उकिडवा बसला होता. चुरींना बघून तो उठला.

"वळखलांत का, साहेब?"

अकरा वर्षांनी चुरींनी लाहू दुमाडाला ओळखलं. हातातली पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

"हा आपला मुख्य पोहणारा," देवरेंनी सांगितलं. "दहा वर्षं गुजरातेत बोटीवर खलाशी होता. आज तुमच्या मदतीला राहील. अर्थात तुम्हाला मदत कशाला लागतेय!"

"म्हैस कशी आहे?" चुरींनी विचारलं.

"ती गेली ना. पाच वर्सां झाली."

दोघं पाण्याकडे चालू लागले. लाहू अनवाणी होता. त्याची बोटं पंख्यासारखी फाकलेली, पाऊल इतकं रुंद की ओल्या रेतीत त्याच्या ठशाशेजारी चुरींचा ठसा एखाद्या मुलाचा वाटत होता. चुरींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते लाटा मोजत होते.

तुलना एकदमच व्हावी म्हणून त्यांनी डाव्या पायात निळी आणि उजव्या पायात काळी फिन घातली. मोबाइलवर सांगितल्याप्रमाणे ते पाण्यात पाठमोरे शिरले. त्यामुळे समितीशी तोंड करून, अतिशय गंभीर चेहऱ्याने, एक एक पाऊल मागे टाकत तज्ज्ञ सदस्य समुद्रात गेले. देवरेंनी हात हलवला. चुरींनीही हलवला.

गुडघे, मांड्या, कंबर. पहिली लाट पाठीवर आपटली. दुसऱ्या लाटेला डाव्या पायाखालचं काहीतरी फाटकन तुटलं. निळी फिन एकदा वर दिसली आणि बुडाली. चुरी तिच्या मागोमाग गेले.

दंडाला धरून कुणीतरी त्यांना वर काढलं. नाकातोंडातून पाणी जात होतं. लाहू किनाऱ्याकडे पाठ करून, त्यांना आडोसा देत उभा होता. त्याने कमरेचा सुती दोर सोडला आणि हातभर टोक पाण्याखालून चुरींच्या हातात दिलं.

"शेपूट धरा, साहेब."

चुरींनी टोक मुठीत पकडलं.

"तवा धरलेलं, तसंच. सोडू नका. आणि पाय मारू नका, मना लागतं."

मोठी म्हणावी अशी एक लाट मागून आली. लाहूने अंग टाकलं. दोर ताणला गेला आणि चुरी निघाले. कानात पाणी, डोळ्यांत मीठ, पोटाखालून सगळा समुद्र धावतोय असं त्यांना वाटलं. मग पोटाला रेती घासली आणि दोघं बरोबरच किनाऱ्याला लागले.

देवरे टाळ्या वाजवत होते. "वा, चुरी! याला म्हणतात अनुभव!"

चुरी चारी पायांवर होते तसेच राहिले. बाजूला लाहू दोर पिळत होता.

"तू कधी बोलला नाहीस," चुरी हळूच म्हणाले.

"काय बोलायचं?"

"म्हशीचं."

"मना कुणी विचारलंच नाय," लाहू म्हणाला, आणि दोर कमरेला गुंडाळून निघाला.

*

अहवाल चार पानांचा झाला. चुरींनी तो स्वतःच्या हाताने लिहिला. पट्टा, भोक, पात्याची लांबी, रबराची जात. निळ्या फिन्स जिवाला धोकादायक, काळ्याच घ्याव्यात. विहित नमुन्यातले सगळे रकाने भरले. शेवटी त्यांनी एक परिच्छेद जोडला: 'अधोस्वाक्षरीकारास पोहता येत नाही. २००५ सालच्या पुरातही येत नव्हते. सदर चाचणीत अधोस्वाक्षरीकारास श्री. लाहू दुमाडा यांनी ओढून आणले.'

देवरेंनी तो परिच्छेद दोनदा वाचला.

"चुरी, हे इथे लिहायचं नसतं."

"खरं आहे, साहेब."

"असेल हो खरं. पण त्याला रकाना नाही."

"तरी राहू दे."

देवरेंनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली. घरी चुरींनी जयमालाबाईंनाही सांगितलं. त्या हातातलं फडकं घेऊन कात्रणापाशी उभ्या राहिल्या.

"म्हणजे पोहता तिला येत होतं."

"हो."

त्यांनी काच पुसली. "राहू दे इथेच. म्हैस छान आलीये." आणि थोड्या वेळाने, आतून, "मनिषला मात्र तुम्हीच सांगा."

त्या आठवड्यात चुरी ताटावरून मध्येच उठले नाहीत.

नवरात्रात मागणी गेली. महोत्सवाच्या आदल्या सकाळी खोकं आलं, ते चुरींनी मोटरसायकलला बांधून स्वतः झाईला नेलं. वाटेत दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या होत्या आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना शीळ घालावीशी वाटली. किनाऱ्यावर लाहू आणि त्याचे दोन जोडीदार, सुकऱ्या आणि मिथुन, वाट बघत होते.

खोक्यातून तीन जोड्या निघाल्या. काळ्या. आखूड. अखंड रबराचा पट्टा, टाचेखाली भोक. लिहिलं होतं तसंच सगळं. लाहूने एक फिन हातात घेऊन वाकवली, वासही घेतला.

"चांगला माल हाय," तो म्हणाला.

"जन्मभर जाईल," चुरी म्हणाले.

लाहू रेतीत बसला आणि पाय आत घातला. बोटं गेली, पाऊल अर्ध्यावर थांबलं. त्याने पाय काढून ओला केला, पुन्हा घातला. मग फिन सुकऱ्याकडे दिली. सुकऱ्याने बघितलं आणि मिथुनकडे दिली.

चुरींनी दुसरी जोडी उचलून तळव्यावरचा आकडा बघितला, मग तिसरी. तिन्ही जोड्या सात नंबरच्या होत्या. अहवालात मापाच्या रकान्यात सातच लिहिलेलं होतं, आणि अक्षर चुरींचं होतं.