मशीन वाजलं तिथे

आमचे हे एरवी देवावरही पटकन विश्वास ठेवत नाहीत, पण पाण्याचा विषय निघाला की कोणावरही ठेवतात. दोन बोअर कोरडे गेले होते. तिसऱ्यासाठी दुसऱ्या दिवशी गाडी यायची होती आणि जागाच ठरत नव्हती. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून आटलेल्या विहिरीजवळ खूण केली होती, पण ह्यांचं मन तिथे बसेना.

त्या दुपारी रोहिणी आमच्या शेतातून चालली होती. शेवगावात खोली घेऊन राहणारी, तितरांचा अभ्यास करणारी मुलगी. हातात टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखं काहीतरी. बांधाच्या कोपऱ्यात तिचं मशीन जोरात वाजायला लागलं. ह्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

"काका, पाणी नाही हो! तितराची मादी आहे. तिच्या गळ्यात मी छोटा ट्रान्समीटर बांधलाय, तो वाजतोय. अंड्यांवर बसलीय ती."

"कोरड्या जागंला पाखरू बसंल व्हय? खाली गारवा हाय म्हनून बसलंय."

"केशरमावशी, तुम्ही तरी सांगा."

मी काय सांगणार? गवत बाजूला करून पाहिलं तर मादी खरंच बसलेली, मानेवरून केसाएवढी तार निघालेली. पण ह्यांचं म्हणणंही खोटं वाटेना. जमिनीला हात लावला. गार लागली. सावलीमुळे असेल.

सकाळी गाडी आली तेव्हा मी त्या कोपऱ्यात फतकल मारून बसले. "हितं आंडी हायती. हिरीपाशी मारा."

"तुला पानी पायजे का पाखरू?" हे ओरडले.

मला दोन्ही पाहिजे होतं. शेवटी विहिरीपाशी बोअर मारला, नुसता फुफाटा निघाला. हे गाडीवाल्याला पैसे देऊन तडक घरी निघून गेले, त्याचीच मला भीती वाटली.

दोन दिवसांनी रोहिणी कोपऱ्यात जाऊन आली ती तोंड पाडूनच. मुंगसाने अंडी खाल्ली होती, मादी निघून गेली होती. मला मुंगसाचा राग आला, रोहिणीचा आला, स्वतःचा तर फारच आला. मी वाचवलं काय आणि घालवलं काय, काही कळेना.

"मग आता कुठं वाजतंय?" ह्यांनी विचारलं.

"काका, खरंच पाण्याचं नाही हो ते."

"ठावं हाय. पर कुठं वाजतंय?"

तिने अँटेना ओढ्याकडे वळवली. हे तिच्या मागे निघाले. आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाखरू पाहिलेली मी, पदर खोचून त्यांच्या मागे चालू लागले.