दारामागचं बाशिंग

"सुरी हालवू नोको बाई. सुरी जागेवर ठेवजो, भेंड फिरवजो."

सासूबाईंचा हा आवाज अजून माझ्या बोटांत आहे. तळ्यातल्या भेंडाची वाळलेली काडी सोलायची, पातं स्थिर धरायचं आणि काडी हळूहळू त्याच्यावर फिरवत न्यायची. मग पांढरी पट्टी कागदासारखी उलगडत येते. तिचीच फुलं, तिचेच मोर. वर चमकती बेगड चिकटवली की नवरानवरीच्या कपाळाचं बाशिंग तयार. आमच्या सेलूच्या दुकानातली बाशिंगं पार सिंदीपर्यंत नावाजलेली. माझ्या जावेच्या, कोकिळाच्या हातची म्हणून.

हे गेले तेव्हापासून मी मागच्या खोलीत बसते. बाशिंग सवाष्णीच्याच हातचं हवं, असा आमच्याकडचा रिवाज. विधवेच्या हातचं आहे असं कळलं तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. पण कोकिळाचा हात जड. सासूबाईंनी शिकवलं ते माझ्या एकटीच्याच हातात उतरलं. तेव्हा ताराचंदभाऊजींनी, माझ्या दिरांनी, तोड काढली. पुढे दुकानात कोकिळा, मागे मी, मधे दार. लगीनसराईत ते दार दिवसभर लावलेलं. पहाटे तुळशीला पाणी घालायला अंगणात येते, तेवढंच काय ते माझं आभाळ.

छप्पन साली आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वैशाखातला सोमवार. सोमवारी मला उपास, आणि दिवेलागणीपर्यंत मौन. महादेवाला बेल वाहून मी कामाला बसले होते. दुकानात सिंदीच्या कापूस-अडत्याची बायको वच्छलाबाई आली.

"कोकिळा, माह्या पोराच्या बाशिंगाची पहिली पट्टी माह्या डोळ्यांसमोर काढ बरं. शकुन असते."

"आता?" कोकिळा म्हणाली.

"आता नाई तं काय बारशाले?"

मी दाराला कान लावला. भेंड सोलल्याचा आवाज आला, मग पात्याचा. खर्र, खर्र. सुरी हलत होती. पाठोपाठ भेंड तुटल्याचा बारीक आवाज. पुन्हा तेच.

"हे काय ओ? बोटं तं लटलट कापत नाई ना तुही?"

"भेंडच खराब आलं, बाईसाहेब," भाऊजी घाईनं म्हणाले.

दाराच्या फटीतून पाहिलं, तर नेमकी त्याच वेळी हिंगणीची रुखमा डोक्यावर भेंडाचा भारा घेऊन पायरीशी उभी. तिकडच्या तळ्यांतलं भेंड आम्हाला वर्षानुवर्षं तीच आणून देते. तिचाही नवरा गेलेला, आणि दारामागचे हात कोणाचे हे तिला ठाऊक.

"भेंड हे बाई आणते का?" वच्छलाबाई म्हणाली. "मंग फाटन नाई तं काय! उघड्या कपाळाच्या बाईच्या हातचं भेंड."

भाऊजी म्हणाले, "रुखमा, ने तुहा भारा. याच्यापुढं आणू नोको."

दाराची कडी माझ्या बाजूला होती. मौन आहे, असं मी मनाला सांगितलं. पण मौन नसतं तरी माझा हात कडीला गेला नसता, हे महादेवाला ठाऊक.

थोड्या वेळानं परसदारी कोणी खाकरल्याचं ऐकू आलं. रुखमाच.

"काऊन ओ देवकाबाई, माहं भेंड खराब?"

मी तिच्या भाऱ्यातली एक काडी ओढली, सोलली, पातं धरलं. पट्टी निघत गेली, गुडघ्यावरून खाली जमिनीला टेकली, कुठे एक भोक नाही. रुखमा पदर तोंडाला लावून हसली.

"मले ठाऊकच होतं. कोकिळाचे हात भाकरी थापाले चांगले." मग हसू थांबलं. "माह्या पोरीचं, कांताचं लग्न बुधवारी हाय. बाशिंग तूच करजो आन् तूच येऊन बांधजो. माह्या घरात उघड्या-झाकल्या कपाळाचं काई नाई. जिनं केलं तिनं बांधाव. येशीन ना?"

बोलता येत नव्हतं. पूजेतलं बेलाचं पान मी तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटली. रुखमानं ती मूठ कपाळाला लावली.

दिवा लावल्यावर मौन सुटलं. पहिला शब्द देवाचा घेतला, दुसरा भाऊजींना. "मी बुधवारी हिंगणीले जाते. कांताले बाशिंग बांधाले."

भाऊजींच्या हातातला घास तसाच राहिला. "वहिनी, चार गावचे पाव्हणे राहतीन तिथं. उद्या बाजारात काय म्हणतीन? तुमच्या हातावर हे घर जेवते, मी नाई म्हणत नाई. पण तो हात दिसला का संपलं."

"महादेवाचा बेल देला मी तिले, वचनच झालं ते."

"म्या पाठवतो ना बाशिंग, कोणाच्या हातानं तरी. तुमी नोको."

ते वाईट नाहीत. भ्यालेले आहेत. ताट सारून उठले आणि जाताना सवयीनं मधलं दार ओढून घेतलं.

मंगळवारी मी कांताचं बाशिंग केलं. मोरांच्या चोची लाल रंगवल्या. दुपारी कोकिळा आत आली, बाजूला टेकली, बोटानं मोराला हलकेच शिवली.

"बाया माह्या हाताचे मुके घेतेत, बाई," ती म्हणाली. "मले पेटीत हात लपवाव वाटते. तुमाले दारामागं कोंडलं, मले दारापुढं."

मी तिचा हात हातात घेऊन त्यावर भेंडाची काडी ठेवली. "सुरी जागेवर. भेंड फिरव." चार काड्या तुटल्या. पाचवीची पट्टी बोटभर निघाली. तिनं ती वेणीत खोवली आणि उठून गेली.

बुधवारी पहाटे तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा झाल्या. बाशिंग धुवट फडक्यात बांधून टोपलीत ठेवलं. अंगणाच्या फाटकाशी कोकिळा उभी होती. फाटकाच्या आडण्याचा दांडा तिनं आधीच काढलेला.

"ते उठून पुसतीन, वहिनी कुठं गेल्या. काय सांगू?"

"हिंगणीले. बाशिंग बांधाले."

"आन् कोणी पुसलं, कोणाच्या हातचं?"

मी टोपली डोक्यावर घेतली. उत्तर तिलाही ठाऊक होतं, म्हणून तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त माझा पदर टोपलीच्या काठावर नीट सारला. बाहेर अजून धूसरच होतं. मी महादेवाचं नाव घेतलं आणि हिंगणीच्या वाटेला लागले.