अक्काचं लग्न

अक्का जलजेने स्वतःच बनवली होती. वेणी घालायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. आई वारली, बापाने शिमोग्याला दुसरा संसार थाटला आणि पोरीला आणून टाकली आपल्या बहिणीच्या दारात. आमच्या तुळू मुलखात पोर आईच्या घरची. बापाच्या घराण्यात तिला ना नाव, ना वाटा. आणि जलजेच्या आईचं घर तर केव्हाच मोडलेलं. कल्याणी आत्याने तिला ठेवून घेतली, पोटभर जेवू घातली, छळ म्हणावा असा काही केला नाही. पण आल्यागेल्याने विचारलं की 'ही आमच्याकडे असते' एवढंच सांगायची. नऊ वर्षांच्या पोरीला का ते कळत नाही?

मग गोठ्यामागच्या फणसाखाली अक्का आली. मोठी, लांब केसांची, कधी न रागावणारी. जलजेला जे तोंडाने मागायची सोय नव्हती ते सगळं अक्का मागायची. अक्काला हिरव्या बांगड्या हव्या असायच्या, अक्काला दोश्यावर जास्तीचा गूळ हवा असायचा. एकदा जलजा फणसाला टेकून म्हणाली, "अक्का म्हणते, या घरात मला कुणी लेक म्हणत नाही."

नेमकं हेच आत्याच्या कानावर पडलं. डोक्यावरची शेणाची पाटी तिने तिथेच टाकली.

आत्याची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. असती तर लग्नाची झाली असती. इकडे आत्याच्या मुलाची, प्रभाकरची, ठरत आलेली सोयरीक पुन्हा फिसकटली होती. मेलेलं मूलही तिकडे वाढतं, वयात येतं, आणि त्याचं लग्न लावलं नाही तर पाठच्या भावंडाचं होऊ देत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कवड्या टाकून कौल सांगणाऱ्या भटाने तेच सांगितलं; अक्का म्हणजे तीच मुलगी. तो दुसरं सांगणार तरी काय होता म्हणा!

त्या दिवसापासून जलजेचं नशीबच पालटलं. आत्या तिला जवळ घेऊन बसे, ऊन ऊन भात वाढे, स्वतःच्या हाताने वेणी घाले आणि हळूच विचारी, आज ती काय म्हणाली गो? जलजेला खोटं बोलायचं नव्हतं. पण आत्याची बोटं केसांतून फिरत असायची, आणि ती बोटं थांबतील असं काही सांगायचं तिच्या जिवावर यायचं. ती रोज काहीतरी सांगायची. हिरव्या बांगड्या आल्या, त्या अक्कासाठी पाटावर ठेवल्या गेल्या. जलजेने हात लावला तेव्हा आत्याने तो हलकेच बाजूला केला.

पलीकडच्या गावातलं, लहानपणी नदीत बुडालेलं एक पोर स्थळ म्हणून मिळालं. कूळ एकच नाही ना, हे जिवंत नवऱ्याचं पाहावं तसं पाहिलं. जिवंतांची लग्नं लागत नाहीत त्या आषाढात लग्न निघालं. पडवीत दोन खुर्च्या मांडल्या; एकीवर धोतर नि मुंडासं, दुसरीवर साडी, अबोलीचा गजरा आणि त्या बांगड्या. दोन्हीकडचे लोक गंभीर तोंडं करून बसले. काळे मणी घालायच्या आधी आत्या म्हणाली, "विचार गो तिला. मुलगा पसंत आहे ना?"

सगळी पडवी जलजेकडे बघू लागली. खरं सांगायची हीच वेळ होती. तिने तोंड उघडलं, आत्याच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो म्हणते."

आत्याने साडीला मिठी मारून हंबरडा फोडला. माझी लेक, या घरची थोरली, विसरू नको गो आम्हाला! जलजा शेजारीच उभी होती. तिच्या अंगाची नुसती आग आग झाली. जिला आपण बनवली तीच सगळं लुटून चालली होती. मग वरपक्षाने साडी उचलून नेली आणि मंडळी कोंबडी-रोटीवर बसली. जलजाही जेवली. भूक मेली कुणाचं ऐकते?

दुसऱ्या दिवशी ती फणी घेऊन गेली तर आत्या म्हणाली, आता मोठी झालीस, आपली आपण घाल. प्रभाकरचं लगेच जमलं. सून येणार, जागा लागणार, म्हणून शिमोग्याला निरोप गेला. जलजा फणसाखाली जाऊन हाका मारून आली. अक्का आली नाही. ती सासरी गेली, असं आता जलजेलाही वाटायला लागलं होतं.

बाप न्यायला आला, कपड्यांचं गाठोडं बांधून झालं, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"आत्या, अक्का नव्हतीच. मीच बनवली होती. ते सगळं मलाच हवं होतं."

आत्या चिडली नाही. तिने पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"असं बोलू नये. ती सुखात आहे, म्हणून दिसत नाही तुला." आणि गाठोडं तिच्या हातात देत म्हणाली, "आणि तुला गो काय कळणार तिचं? तू काय या घरची आहेस?"

मग तिने भावाला हाक मारली, निघा आता, बस चुकेल.