कलशातलं टोकन

माझा छंद ऐकला की लोक आधी सहानुभूतीने बघतात. १८११च्या सुमारास इंग्लंडात सुट्ट्या नाण्यांची टंचाई होती. तेव्हा खाणींचे आणि गिरण्यांचे मालक स्वतःच तांब्याची टोकनं पाडून मजुरांचा पगार भागवत. पुढे सरकारने ती बंद केली. मी ती जमवतो. दुबईजवळच्या अल ऐनच्या इस्पितळात एक्स-रे मशिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला यातून काय मिळतं, हे माझ्या बायकोला, छायाला, बारा वर्षांत कळलेलं नाही. खरं तर मलाही धड सांगता येत नाही.

१९९८ साली माझ्याकडे एकसष्ट टोकनं होती. त्यातलं एक पार झिजलेलं, काळपट. भिंग धरून तिरका उजेड पाडला की त्या काळपटपणात एका खाणीचं नाव पुसट दिसायचं, आणि ते नाव कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हतं. फोटोत मात्र ते येईना. बर्मिंगहॅमच्या एका जाणकाराला मी पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, ‘मार्चमध्ये दुबईला येतोय. डोळ्यांनी बघीन. खरं निघालं तर आमच्या कॅटलॉगच्या नव्या आवृत्तीत टीप छापू, तुमच्या नावासकट.’

मला ती टीप हवी होती. नोकरीतल्या बढतीपेक्षाही जास्त हवी होती, हे कबूल करायला आता हरकत नाही.

अल ऐनमध्ये चोर नाहीत, पण माझी सवय डोंबिवलीची. चोराचा हात आधी किमती दिसणाऱ्या वस्तूवर पडतो, असा हिशेब करून मी साठ टोकनं अल्बममध्ये लेबलं लावून मांडली. एकसष्टावं साध्या पाकिटात घातलं, वर मराठीत लिहिलं ‘बिनकामाचं’, आणि पाकीट शेवटच्या पानाला खोचलं. हात लागून अक्षरं झिजायला नकोत म्हणून मीही ते पुन्हा उघडलं नाही.

फेब्रुवारीत उघडलं. पाकीट रिकामं होतं.

“ते होय?” छाया म्हणाली. “श्रावणात सत्यनारायण नव्हता का आपल्याकडे? कलशात घालायला तांब्याचं नाणं हवं होतं. तुम्ही ड्यूटीवर होतात. चांगली कशाला घेऊ, म्हणून ते घेतलं.”

“मग परत नाही ठेवलंस?”

“कलशातलं नाणं भटजींचं असतं, अहो. परत कसं मागणार? आणि तुम्हीच तर लिहिलं होतंत.”

मी रिकामं पाकीट पुन्हा शेवटच्या पानाला खोचलं.

आमचे भटजी म्हणजे सदानंदराव. आठवडाभर एका कंपनीत अकाउंट्स बघायचे आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी घरोघरी पूजा सांगायचे. शुक्रवारी सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो. ते शारजाला निघायच्या तयारीत होते. त्यांनी पिशवीतून टोकन काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नुकत्याच घासलेल्या ताम्हनासारखं लखलखत होतं.

“हेमचंद्रजी, काय नाणं दिलंत वहिनींनी! इथे सगळे कॉइन्स स्टीलचे. तेव्हापासून प्रत्येक कलशात हेच घालतो. दुबई, शारजा, अबू धाबी. बावीस पूजा झाल्या. दर वेळी चिंच-मीठ लावून क्लीन करतो, प्रॉमिस.”

मी ते खिडकीशी धरलं. तिरकं केलं. पुन्हा तिरकं केलं. अक्षर तर सोडाच, अक्षराची खूणही उरली नव्हती. मला रडू यायच्या बेतात होतं, आणि समोरचा माणूस शाबासकीची वाट बघत होता.

“तुम्हाला हवंय का परत?” त्यांनी विचारलं. “शारजात सगळे वाट बघतायत. पण तुमचं आहे, घ्या.”

“नको,” मी म्हणालो. “पूजेला लागेल ना.”

“यल्ला, मग निघतो,” म्हणून ते टोकन पिशवीत टाकून गेले.

मार्चमध्ये तो जाणकार घरी आला. मला पत्र टाकून त्याला थांबवायचं धाडस झालं नव्हतं. त्याने साठही टोकनं मन लावून पाहिली, दोन-तीनदा मान डोलावली, आणि शेवटच्या पानाशी थांबून रिकामं पाकीट उचललं. वरची अक्षरं काय म्हणतात, असं त्याने विचारलं. मी शब्द जुळवत होतो. तेवढ्यात आमची दहा वर्षांची इरा पुढे वाकली; शाळेत हिंदी असल्याने तिला लिपी येत होती.

“इट सेज नो यूज, अंकल.”

त्याने माझ्याकडे बघितलं. अक्षर माझंच होतं.