वरून पाहिलेला पाणवठा

डोळे मिटून घ्या, बाळांनो, आणि एक माळ पाहा. भाद्रपद सरत आला तरी थेंब नाही. करपलेलं कुसळ, तांबूस धूळ, आणि वर राखेच्या रंगाचं, निर्मेघ, निर्दय आभाळ. माळाच्या कडेला पत्र्याची सरकारी शाळा. दिसली? आता तिच्या शेवटच्या खोलीत या. तिथे चित्रकलेचे गुरव सर उभे आहेत.

एकतीस वर्षं त्यांनी रंग शिकवले. रंग उडालेल्या गावांत, रंग उडालेल्या भिंतींत. सात शाळा, सात माळ, सात काळे फळे. साहेब येणार म्हणून रांगोळी, टाकीवर सुविचार, पंधरा ऑगस्टला खडूचा तिरंगा. आणि गणिताच्या सरांनी सोडलाच, तर गुरुवारी चित्रकलेचा तास. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे ही जागा भरायची नाही, असं पत्र वरून आलं होतं. या माळावर रंगांचे गुरुवार उरले होते अवघे चार.

एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत त्यांचं मूल कधी नापास झालं नव्हतं. स्मरणचित्राला विषय कोणताही येवो, मांडणी ठरलेली. पुढे एक मोठी आकृती, मध्ये मधली, मागे धाकटी. उजवीकडे झाड, क्षितिजावर निळसर डोंगर. कुणाचं चुकलं, की सर स्वतःच रबर फिरवत, स्वतःच रेघ ओढत. प्रेमाने. अगदी प्रेमाने.

त्या गुरुवारी विषय होता पाणवठा. सातवीतल्या बायडा खरातने पेन्सिल घोटून घोटून एक वर्तुळ काढलं होतं. काळं, खोल, तळ नसलेलं. त्यात खडूचा एक पिवळा ठिपका. बाकी कागद कोरा.

"अगं, असा कुठं पाणवठा असतो?" सर हसून म्हणाले. "चित्र समोरून काढायचं. घारीसारखं वरून नाही."

"घार, घार," वर्ग खिदळला.

रबर फिरला. काळोख गेला, ठिपका गेला. सराईत बोटांखालून तीन बायका उमलल्या. कमनीय, घटधारिणी, हसऱ्या. उजवीकडे झाड आलं, मागे डोंगर आले.

"बघ, आता कसं झालं."

बायडा बघत राहिली. मग तिने पेन्सिल दप्तरात ठेवली.

मागच्या रांगेतून पोपट नावाचा पोरगा हळूच म्हणाला, "आवं सर, तिची आय तिनं काढलेल्या त्याच हिरीत गेली. चैतात. पायरीवरनं पाय निसटला. ही वर काठावर हुती. पितळंची कळशीच तेवढी तरंगत राहिली."

वर्गातलं हसू विझलं. पत्रा तापून कडकडत होता. सरांच्या बोटांना रबराचा काळा चुरा चिकटला होता. तो त्यांनी धोतरासारख्या जुन्या, मऊ रुमालाला पुसला, पुन्हा पुसला. तो जाईना.

पुढच्या गुरुवारी बायडाने कागद घेतला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. "नको सर. मला येत न्हाई," एवढंच. राग नाही, रुसवा नाही. आटलेल्या ओढ्यासारखा सपाट, शांत आवाज.

येत नाही. एकतीस वर्षांच्या शेवटी एका मुलीच्या तोंडी हे दोन शब्द. सर शाळेच्या ओट्यावर बसत आणि मागे मागे जात. सात शाळा. किती कागद? किती काळोख आपण पुसले, आणि त्यांच्या जागी किती हसऱ्या बायका उभ्या केल्या? आता आपण जाणार. मग या पोरीपुढे कोरा कागद ठेवायला इथे कुणी उरणार नाही. तिचा हात असाच मिटून जाईल. माळावरचं बी मिटून जातं, तसा.

शेवटच्या गुरुवारी ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"बायडा, माझं चुकलं. तुझी हीर बरोबर होती. काठावरून बघणाऱ्याला ती तशीच दिसते."

"मग पुसली कशापायी?"

सरांनी उत्तर शोधलं. सापडलं तेवढंच दिलं.

"सवयीनं."

त्यांनी कागद पुढे सरकवला, कुंचला ठेवला, आणि आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला.

तिने कुंचला काळ्यात बुडवला. कागदाच्या वरच्या अंगाला वर्तुळ उगवलं. गोल गोल, खोल खोल, पहिल्याहून काळं, पहिल्याहून मोठं. मग त्याच्या खाली, विहिरीच्या अगदी काठाशी, तिने दोन लहान पावलं काढली. वाकडी, अनवाणी, वरून पाहिलेली. एका पावलाला सहा बोटं झाली होती. मांडीखालचा हात दुरुस्तीला निघू पाहत होता; सरांनी तो तिथेच ठेवला.

बायडाने कुंचला धुतला. मातीचा रंग घेतला. आणि त्या पावलांखाली जमीन भरू लागली. थरावर थर, थरावर थर, घट्ट.